मीठ धुऊन जाईपर्यंत

वेंडेल हॉर्वाथ आणि मी अठ्ठावीस वर्षं एकाच कारखान्यात गिअरबॉक्स बनवले. बनवले म्हणजे त्याने बनवले, मी ते खोक्यांत भरले. टोलीडो शहराच्या पूर्वेला, नदीच्या अलीकडे आमचा कारखाना होता. २००८ च्या नोव्हेंबरात तो बंद झाला. हाताने गिअर टाकायच्या गाड्या आता कुणालाच नकोत, असं आम्हाला कँटीनमध्ये उभं करून सांगण्यात आलं. सांगणारा साहेब ऑटोमॅटिक गाडीतून आला होता आणि ऑटोमॅटिकमधूनच गेला. ऑटोमॅटिक तर मीही चालवतो. तेव्हाही चालवत होतो, आणि त्याबद्दल वेंडेलने मला आजतागायत माफ केलेलं नाही. तो मला शाकाहारी खाटीक म्हणतो.

वेंडेलकडे एक स्पोर्ट्स कार होती. दोन सीटांची, उघड्या टपाची, चंदेरी, जपानी. तिचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की ऐकणारा माणूस गोष्ट सोडून भाव सांगायला लागतो, आणि भाव ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. २००१ साली त्याने ती नवी कोरी घेतली. साधा कामगार तो, घरात एकच जुना पिकअप ट्रक, आणि याने ओव्हरटाइमचे चार वर्षांचे पैसे नेऊन दोन सीटांच्या गाडीत घातले. नोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, दारात गाडी पाहिली आणि एवढंच विचारलं, की किराणा मी मांडीवर घेऊन बसायचं का. पुढे आठ वर्षं ती किराणा मांडीवर घेऊनच बसली.

कारखान्यात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. परदेशी गाडी कारखान्याच्या दाराशी लावायची नाही. रेल्वेच्या रुळांपलीकडे खडीचं एक मैदान होतं, तिथे लावायची आणि चालत यायचं. न पाळणाऱ्याच्या गाडीवर किल्लीने ओरखडे पडत, आणि ते कुणी पाडले हे कुणालाच माहीत नसे. वेंडेल युनियनचा जुना माणूस. तो आपण होऊन रुळांपलीकडे गाडी लावायचा आणि अकरा मिनिटं चालत यायचा. एकदा मी त्याला विचारलं की बाबा, आपली अमेरिकन गाडी काय वाईट होती. तो म्हणाला, "त्यांच्या गिअरबॉक्समध्ये जे काम केलंय ना मर्व, ते आपण आयुष्यात केलं नाही. ते मला रोज हाताला लागतं." कामगाराने असं बोलू नये. पण तो बोलला आणि मी कुणाला सांगितलं नाही.

मी त्या गाडीत दोनदाच बसलो. दोन्ही वेळा तळ्याकाठच्या रस्त्याने पोर्ट क्लिंटनला मासे खायला गेलो होतो. रस्ता सरळ होता तोवर ठीक होतं. वळणं लागल्यावर वेंडेल बोलायचा थांबला. उजव्या हाताचा मनगटाखालचा भाग तेवढा हलायचा, गिअरचा लिव्हर बोटभर पुढे, बोटभर मागे, आणि इंजिनाचा आवाज चढायचा आणि उतरायचा. मी दाराचं हँडल धरून बसलो होतो. त्याच्याकडे पाहिलं तर तो हसत नव्हता, खूश माणूस दिसतो तसा दिसतही नव्हता. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कुणाचं लक्ष नसताना एखादा माणूस जसा बसतो, तसा दिसत होता. मला त्याचा हेवा वाटला. मला असं कशानेच होत नाही.

आणि हिवाळ्यात ती गाडी कधी म्हणजे कधी बाहेर निघाली नाही. आमच्याकडे नोव्हेंबरपासून रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ वितळतं, पण गाड्या खालून सडतात. माझ्या गाड्या दर आठ-दहा वर्षांनी सडतात, मी नव्या घेतो, विषय संपला. पण वेंडेलसारख्या लोकांचा एक कायदाच असतो. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगचा सण, त्याच्या आधी गाडी आत. टायरांत हवा जास्त, टाकी भरलेली, उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून सीटाखाली साबणाच्या वड्या. मार्चमध्ये ऊन पडलं, रस्ते कोरडे झाले, तरी बाहेर काढायची नाही. शेवटचं मीठ पडल्यानंतर दोन चांगले पाऊस व्हायला हवेत. पहिल्या पावसाने मीठ नुसतं सैल होतं, दुसऱ्याने वाहून जातं. मार्च-एप्रिलमध्ये वेंडेल रोज ओसरीवर उभा राहून आकाशाकडे पाहायचा. शेतकरी नसलेला माणूस पावसाची एवढी वाट बघताना मी दुसरा पाहिला नाही.

कारखाना बंद झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात त्याने गाडी विकली. साडेनऊ हजार डॉलर आले. नोरीन नको म्हणाली होती, मीच विक म्हणालो. आमचा दोघांचा हिशेब सरळ होता. अशा गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणंच कुणाला परवडत नाही, म्हणून तर आपल्याला घरी बसवलं. मग या गाड्या दिवसेंदिवस स्वस्तच होत जाणार. आता पैसे घे, दोन-तीन वर्षांनी नोकरी लागली की हीच गाडी पाच हजारांत परत मिळेल. गिअरबॉक्सच्या कारखान्यातल्या माणसांशिवाय इतकी हुशारीची चूक कुणी केली नसती. आम्हाला आतून माहीत होतं ना की हा धंदा मेला. एखादी वस्तू बनायची थांबली की लोक तिच्यासाठी वेडे होतात, हे आम्हाला कँटीनमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांनी वेंडेलला शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचं काम लागलं. त्याने गाडी शोधायला सुरुवात केली तेव्हा भाव अकरा हजार होता. त्याने अकरा जमवले तोवर चौदा झाला. चौदा जमवले तेव्हा एकोणीस. मग तिशी ओलांडली, मग चाळीस. ज्यांना क्लच कुठल्या पायाने दाबायचा हे माहीत नाही असे लोक त्या गाड्या घेऊन ठेवायला लागले. लिलाव ऑनलाइन चालायचे, आणि वेंडेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते शेवटपर्यंत बघायचा. आकडा वर गेला की चष्मा काढून डोळे चोळायचा. नोरीन भांडी विसळता विसळता टोमणे मारायची. "तिचंही वय झालं, माझंही झालं. तिचा भाव बघ आणि माझा बघ." यावर वेंडेल म्हणायचा की तुझ्यावर मैल जास्त पडलेत. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसालाच असं बोलून जिवंत राहता येतं.

पण एकदा नोरीन चेष्टा सोडून बोलली. मी तिथेच पापरिकाश, म्हणजे तिच्या हातचा कोंबडीचा लाल रस्सा, खात बसलो होतो. ती म्हणाली की निवृत्तीच्या पैशातून काढ आणि घे एकदाची, रोज हे तोंड मला बघवत नाही. वेंडेलने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "चाळीस हजारांना घेतली तर मी ती चालवणार नाही गं. नुसता पुसत बसेन. मग त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक?" नोरीनने पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटतं, गाडी आपली व्हावी ही इच्छा त्याने तिथेच सोडली. उरली ती एकच. त्याच गाडीत, आपल्या गाडीत, एकदा टप उघडून तळ्याच्या रस्त्याने जायचं.

त्या इच्छेलाही मुदत होती, ते गेल्या वर्षी कळलं. वेंडेलला साखरेचा जुना त्रास. डावा पाय बोटांपासून बधिर होत वर चालला होता. डॉक्टरांनी त्याला सुई टोचून दाखवली आणि विचारलं की इथे कळतं का, इथे कळतं का. पावलाच्या मध्यापर्यंत त्याला काही कळत नव्हतं. ते म्हणाले, ऑटोमॅटिक खुशाल चालवा, तिथे डाव्या पायाला काम नाही, पण बसगाड्यांचे क्लच आता पुरे, आणखी एका वर्षाने पाय पेडलवर आहे की बाजूला हे तुम्हाला समजणार नाही. घरी परतताना गाडी मी चालवत होतो. तो म्हणाला, "शेवटी मला तुझ्या जातीत आणलं, मर्व." मी हसलो, आणि मग मला वाटलं की हसायला नको होतं.

त्या हिवाळ्यात त्याने भाव बघायचं सोडून दिलं आणि आपली स्वतःची गाडी शोधली. चॅसिसचा नंबर त्याला तोंडपाठ होता. चार वर्षांपूर्वी ती गाडी एका लिलावात विकली गेली होती, आणि घेणारी होती पेरीसबर्गची. पेरीसबर्ग म्हणजे नदी ओलांडून बारा मैल. जानेल प्रुइट नावाच्या दातांच्या डॉक्टर होत्या, मुलांच्या दातांना तारा लावणाऱ्या. वेंडेलने त्यांना हाताने पत्र लिहिलं. मी या गाडीचा पहिला मालक, माझ्याकडे हिचे सगळे कागद आहेत, आणि मला एक विनंती करायची आहे.

कागदांचं असं आहे. अशा गाडीला नव्याने विकताना काचेवर चिकटवलेला किमतीचा कागद, दुसरी किल्ली, प्रत्येक वेळी तेल बदलल्याची पावती, हे सगळं पहिल्या मालकाच्या हातचं असेल तर भाव हजारोंनी चढतो. वेंडेलने ते सगळं एका निळ्या फाइलमध्ये ठेवलं होतं. विकताना तो ती द्यायला विसरला होता, असं तो म्हणतो. मला तसं वाटत नाही. काहीतरी आपल्याजवळ राहावं म्हणून त्याने ती मागे ठेवली असणार. डॉक्टरांचा तिसऱ्या दिवशी फोन आला. वेंडेलने सौदा सांगितला: फाइल तुम्ही घ्या, पैसे नकोत, मला एक दिवस गाडी चालवायला द्या. त्या म्हणाल्या की एक काय, दोन दिवस चालवा.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही गेलो. मी होतो कारण नोरीनने मला पाठवलं होतं. "त्याच्या बाजूला बस," ती म्हणाली, "आणि तोंड बंद ठेव." गाडी एका जुन्या गालिच्यांच्या गोदामात ठेवलेली होती. आता तिथे लोकांच्या महागड्या गाड्या ऊबेत, कापडं पांघरून उभ्या असतात. डॉक्टर प्रुइट चाळिशीच्या, मनमोकळ्या बाई निघाल्या. त्यांनी लगेच सांगून टाकलं की मला हाताने गिअर टाकता येत नाहीत, नवरा म्हणाला की सोन्यापेक्षा हिचा भाव लवकर वाढेल म्हणून घेतली. चार वर्षांत गाडी अकरा मैल चालली होती. वेंडेलने आधी फाइल त्यांच्या हातात दिली. मी त्याला म्हणणार होतो की आधी चालव, मग दे. पण तो असा माणूस नाही.

कापड काढलं. वेंडेल गाडीभोवती फिरला, कशालाही हात लावला नाही. मग वाकून चाकामागे पाहिलं आणि सरळ होताना त्याने नाक ओढलं. बाहेर दोन आठवड्यांनी ऊन पडलं होतं, कोट काढावा इतपत ऊब होती. डॉक्टरांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "न्या ना. संध्याकाळपर्यंत आणा. मला अजिबात घाई नाही."

वेंडेल किल्ली घेऊन गोदामाच्या दाराशी गेला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. रस्ता कोरडा होता आणि पांढरा होता. त्याने एका बोटाने डांबर पुसलं, बोट पाहिलं, पँटला पुसलं.

"आज नाही," तो म्हणाला. "मीठ आहे. दोन पाऊस होऊ देत."

मी म्हणालो, "वेंडेल, गाडीत बस."

"खालच्या फटींत जातं ते. धुतलं तरी निघत नाही. तुला काय माहीत, तू कधी गाडीच्या खाली गेलायस?"

"एका दिवसाने काय सडणार आहे? आणि सडली तर सडली. गाडी तुझी नाही."

"म्हणून तर," वेंडेल म्हणाला.

त्याने किल्ली परत दिली. डॉक्टर प्रुइट त्याच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या की अशी माणसं राहिली नाहीत, केव्हाही फोन करा, गाडी काय पळून जात नाही. परतताना मी त्याला पूल ओलांडेपर्यंत शिव्या देत होतो. त्याने त्या शांतपणे ऐकल्या. एकदाच म्हणाला की इतकी वर्षं थांबलो, तीन आठवड्यांनी काय होतंय. खरं तर तो आनंदात होता. गाडी ठणठणीत आहे, खाली गंजाचा ठिपका नाही, हे त्याने मला चारदा सांगितलं.

नऊ मार्चला पहिला पाऊस झाला. दुपारभर पडला, चांगला. मग दहा-बारा दिवस नुसती थंडी, आणि मधे एकदा बर्फ भुरभुरलं तेव्हा पालिकेच्या गाड्या मीठ टाकतात की काय म्हणून वेंडेल तासभर रस्त्याकडेला उभा होता. नाही टाकलं. एकवीस तारखेला सकाळपासून आभाळ भरून आलं आणि असा पाऊस कोसळला की माझ्या तळघरात पाणी शिरलं. मी पाणी उपसत होतो तेवढ्यात नोरीनचा फोन आला, येऊन तुझ्या मित्राला बघ म्हणाली. मी गेलो तर वेंडेल टोपी घालून फाटकाजवळ भिजत उभा होता. रस्त्याच्या कडेने पाणी वाहत होतं आणि तो खाली वाकून ते बघत होता. आत नोरीनने जुना रुमाल शोधून इस्त्री करून ठेवला होता, डोक्याला बांधायचा. तीही जाणार होती. मला जागा नव्हती, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

वेंडेलने कपडे बदलले आणि फोन लावला. मी त्याच्याकडे पाठ करून कॉफी ओतत होतो. तो हसत बोलायला लागला, मग नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "हो. हो, बरोबर आहे." मी वळून पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा नीट होता.

झालं होतं ते असं. डॉक्टरांच्या नवऱ्याने निळ्या फाइलचे फोटो काढून गाडीवाल्यांच्या एका गटात टाकले. सोबत आमची गोष्टही लिहिली, की पहिला मालक इतका जपणारा, की किल्ली हातात असूनही मिठाच्या रस्त्यावर गाडी काढायला तयार झाला नाही. दोन दिवसांत ॲरिझोनातून एका माणसाने एकसष्ट हजार देऊ केले. असा भाव त्या गाडीला कधी आला नव्हता. त्याची अट एकच होती. मैलांचा आकडा कागदावर लिहिलाय, तो एकानेही वाढता कामा नये. डॉक्टरांनी सही केली आणि मग त्यांना वेंडेलची आठवण झाली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, मी त्या दिवशी न्या म्हणाले होते. ते खोटं नव्हतं.

फोन ठेवायच्या आधी वेंडेलने विचारलं की गाडी ॲरिझोनात कुठे जाणार. गावाचं नाव ऐकल्यावर त्याने मान हलवली.

"तिथे मीठ नसतं," तो म्हणाला.

मी कॉफी तशीच टाकून घरी गेलो. तळघरातलं पाणी उपसत राहिलो, बादलीवर बादली. मला वेंडेलचा इतका राग आला होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तीन दिवस मी त्याच्याकडे फिरकलो नाही. माझं म्हणणं साधं होतं. ज्याच्यावर एवढा जीव आहे ते हातात आल्यावर माणसाने थोडं बेपर्वा व्हावं. थोडं मीठ लागू द्यावं. हे मला त्याला त्या दारात नीट सांगता आलं नाही, मी नुसता ओरडलो, आणि ते मला अजून लागतं.

चौथ्या दिवशी वेंडेलच माझ्याकडे आला. म्हणाला, चल, पेरीसबर्गला जायचंय. गाडी न्यायला बंद ट्रक आला होता, आणि ट्रकवाल्या पोऱ्याला गिअर टाकता येत नव्हते. त्याच्याजवळ दोराने ओढून घ्यायचं यंत्र होतं, पण गाडीचं नाक इतकं खाली, की दोर लावताना ओरखडा पडेल म्हणून तो घाबरला होता. डॉक्टरांनाही येत नव्हतं. त्यांनी वेंडेललाच फोन केला होता, माफी मागत, की गोदामातून ट्रकवर तेवढी चढवून द्याल का. साठ-सत्तर फूट. तेवढ्याने आकडा बदलत नाही. मी म्हणालो की जाऊ नकोस. तो गाडीत जाऊन बसला होता.

नोरीन आली नाही. गोदामाच्या अंगणात सकाळी सर येऊन गेली होती, सगळं ओलं होतं. वेंडेल दार उघडून आत बसला. डावा पाय त्याने दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, पेडलवर ठेवला आणि वाकून बघितलं की बरोबर ठेवलाय की नाही. मग इंजिन सुरू केलं. चार-पाच मिनिटं त्याने ते गरम होऊ दिलं. पोऱ्याने घड्याळ बघितलं तेव्हा मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने हात खिशात घातला.

गाडी दारातून बाहेर आली. ट्रक डाव्या हाताला उभा होता, त्याची मागची फळी उतारासारखी खाली सोडलेली. वळायला जागा हवी म्हणून वेंडेलने गाडी आधी अंगणाच्या मध्यावर आणली, आणि तिथे ती थांबली. समोर फाटक सताड उघडं होतं. फाटकाबाहेर रस्ता होता, काळाभोर, धुतलेला. डावीकडे वळलं की नदीच्या कडेने थेट तळ्यापर्यंत जातो.

मी त्याच्या बाजूने चालत होतो. काच खाली होती. मी म्हणालो, "जा."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"जा, वेंडेल. मी बघतो यांचं काय ते."

इंजिनाचा आवाज थोडा वर चढला. डॉक्टर प्रुइट गोदामाच्या दारात उभ्या होत्या. आजही मला वाटतं की त्याने गाडी नेली असती तरी त्या काही बोलल्या नसत्या. वेंडेल फाटकाकडे बघत राहिला, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्याने हात फिरवून चाक डावीकडे वळवलं, आणि गाडी अलगद, धक्का न बसता, त्या फळीवर चढून ट्रकच्या पोटात गेली.

मी मागून आत गेलो. आत अंधुक होतं आणि दाराला जेमतेम उघडण्यापुरती जागा होती. इंजिन चालूच होतं. वेंडेलचा हात लिव्हरवर होता.

"पायाला कळला का क्लच?" मी विचारलं.

"कळला."

तो खरं बोलत होता की नाही, मला माहीत नाही. मी उभा राहिलो. बाहेर पोऱ्या पट्टे घेऊन थांबला होता.

"सहा गिअर आहेत हिला, मर्व," तो म्हणाला. "मला एकच टाकायला मिळाला."

मग त्याने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि बाहेर यायला माझा हात मागितला.